खडपावरून परत आणलेली फरशी

कुमुद, तुझ्या नावाची फरशी सध्या आपल्या पॅसेजमधल्या पिंपाखाली आहे. नाव खाली, पाठ वर. पिंप आता डुगडुगत नाही. इतकी वर्षं आपण दोघी त्याच्याखाली विटांचे तुकडे, पुठ्ठे, जुन्या चपलेचे तळवे असं काय काय सारत आलो, त्यावरून एकमेकींना बोललो, आणि शेवटी त्याचा तोल सांभाळला तो तुझ्या पावन स्मृतीने. तू असतीस तर हसून हसून दारातच बसली असतीस. मला हसू येत नाही. मला किळस आलीय, आणि ती तुझ्यापुढे ओकून टाकल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

फरशी कशी आहे ते सांगते. पांढरा संगमरवर, बाथरूमच्या उंबऱ्याला लावतात तसला पातळ. दोन कोपऱ्यांत दोन गुलाब कोरलेले, त्यांत सोनेरी रंग भरलेला. मध्ये लिहिलंय, 'कै. कुमुदताई यांच्या पावन स्मृतीस. या ऐतिहासिक बेटांच्या शोधकर्त्या.' शोधकर्त्या! चौक गावातल्या कोळणी आजीपणजीपासून जिथे कालवं काढायला जातात, ते समुद्रातले खडप म्हणजे ही बेटं, आणि ती म्हणे तू शोधलीस. आणि त्याखाली, तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, 'सौजन्य: प्रभाकरराव आणि मित्रमंडळ'. तू मेलीस तेही त्यांच्याच सौजन्याने, असं वाटावं इतकी ती अक्षरं ठसठशीत आहेत.

तू जाताना मला एकच काम सांगितलं होतंस. खडपांवर माझं काही राहू देऊ नकोस. ते झालं का, कसं झालं, एवढंच तुला सांगायला बसलेय. बाकी तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घ्यायला इथे माणसं पुष्कळ आहेत.

गिरगावातली खोली सोडून आम्ही इकडे आलो तेव्हा मीरा रोडला कोणी हौसेने येत नव्हतं. शांती नगरच्या दुकानांपर्यंत जायचं तर चिखल तुडवत जायचं, आणि आपली बिल्डिंग त्याच्याही पलीकडे, मिठागरांकडे तोंड करून उभी. पाणी दिवसाआड, डास मात्र रोज. भिंतीत खिळा ठोकला की प्लास्टर खिळ्यासकट हातात यायचं. आपल्या कॉन्ट्रॅक्टरने खाडीची खारी वाळू वापरलीय हे बिल्डिंगमधल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. यांची सेकंड शिफ्ट, मी ऑफिसातून परत आले की घरात भिंतींशी बोलायची. तेव्हा समोरच्या दारातून तू आलीस आणि कसलीही ओळखपाळख न करता म्हणालीस, "पॅसेजमध्ये एकच पिंप मावतंय. तुमचं ठेवायचं की माझं, का दोघींमध्ये एक घेऊ या?" भाईंदरच्या शाळेत इतिहास शिकवणारी, एकटी राहणारी, पायांत पुरुषी सँडल घालणारी बाई. मला तू पहिल्या दिवशी अजिबात आवडली नव्हतीस.

हिरूबायही तुझ्यामुळेच माझ्या दारात यायला लागली. चौकातून मासळीची टोपली घेऊन ती बिल्डिंगीबिल्डिंगीत फिरायची. बाकीच्या बायका तिच्याशी भावावरून हुज्जत घालायच्या, तू पापलेट हातात धरून तिला विचारायचीस, गावाच्या समोर समुद्रात ते तीन काळे खडप दिसतात त्यांना तुम्ही काय म्हणता, तिथे कोण जातं, वर काय आहे. ती वैतागायची. "बाय, मासली घे ना. खडपावर काय सोना हाय काय?" शेवटी एकदा तीच म्हणाली, "चल, तुला दाखवूनच आनते. मग तरी गप ऱ्हाशील."

तू मला ओढून नेलंस. थंडीचे दिवस होते, समुद्र शांत. भाईंदरहून बसने चौकाला उतरलो तेव्हा बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने मी पदर नाकाला लावला. तू माझ्या कोपराला ढुशी दिलीस. "मंदा, पदर काढ. त्यांच्या घरात उभी आहेस तू." मी काढला, आणि सबंध रस्ताभर तुझ्यावर धुमसत राहिले.

तीन भयनी म्हणतात त्यांना. थोरली, मधली, धाकटी. धाकटी भरतीला पूर्ण बुडते, मधलीची नुसती पाठ वर राहते, थोरली तेवढी कोरडी. तिच्यावर तरी काय, एक फुटकं पाण्याचं टाकं, पायाच्या दगडांची एक ओळ आणि उतरायच्या बाजूला कमरेइतका उभा असलेला एक दगड. समोर खाडीपलीकडे वसईचा किल्ला, मागे वळून पाहिलं तर धारावीच्या, मुंबईतल्या नव्हे, इथल्याच चौकाजवळच्या धारावीच्या पडक्या किल्ल्याची टेकडी. तू टाक्याच्या काठावर बसून सांगायला लागलीस. फिरंग्यांची गलबतं याच वाटेने खाडीत शिरायची, तेव्हा इथे त्यांची एखादी चौकी असावी. मराठ्यांनी धारावीचा किल्ला घेतला त्या धामधुमीत इथून जाळ करून कोणी कोणाला खुणा केल्या असाव्यात. टाकं त्याच्याही आधीचं असावं. तुझं प्रत्येक वाक्य 'असावं'वर येऊन थांबायचं. मी म्हटलं, "नक्की काय ते सांग ना." तू म्हणालीस, "नक्की माहीत नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं." हे तुझं वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की त्याचाही मला वीट आला होता.

पण तो दगड तू मला हाताने दाखवलास. वरच्या अंगाला आरपार भोक, आणि भोकाच्या कडेला बोटभर खोल गुळगुळीत वळ. दोर घासून घासून पडलेले. "होड्या बांधायचा दगड," तू म्हणालीस, "फिरंग्यांनी बांधल्या असतील, मराठ्यांनी बांधल्या असतील, त्यांच्या आधी हिरूबायच्या माणसांनी. तलवारीवाल्यांचं सगळे सांगतात मंदा, दोर ओढणाऱ्यांचं एवढंच राहिलंय." तू त्या वळात बोट घातलंस, मग माझं बोट धरून घातलंस. दगड उन्हाने कोमट झाला होता. माझा वैताग तिथे कुठेतरी गेला.

आणि निघताना ती गंमत. खडपावर नेलेलं सगळं परत न्यायचं, अशी त्यांची रीत. कालवांच्या शिंपा चालतात, त्या तिथल्याच. पण भाकरीचं फडकं, विडीचं थोटूक, फाटलेला दोर, काही मागे ठेवायचं नाही. कारण राहिलेली वस्तू आणायला माणूस परत जातो, आणि तेव्हा वारा कसा असेल हे कोणी सांगावं. म्हणून सगळे होडीत बसले की जी कोणी मोठी असेल तिने विचारायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. हिरूबायने हेल काढून विचारलं, "काय ऱ्हायला?" तिचा नवरा वल्ह्यावर हात ठेवून म्हणाला, "काय न्हाय!" आणि तू, शाळेतली बाई, पहिलीतल्या पोरीने हजेरी द्यावी तशी जिवाच्या आकांताने ओरडलीस, "काय न्हाय!" वल्हं खाली ठेवून हिरूबायचा नवरा हसत बसला.

त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा तरी आपण जायचो. तू पाटी-खडू ठेवून माणसात यायचीस, मी ऑफिसचं डोकं घरी ठेवून यायची. डबा खायचो, भांडायचो, परत यायचो. ते तसंच राहिलं असतं तर मला काही म्हणायचं नव्हतं.

मग तू प्रभाकररावांना सांगितलंस. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी, दर पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी हातातून न सोडणारे. तुझ्या तोंडून तीन भयनींचं ऐकलं आणि त्यांच्यात एकदम इतिहास संचारला. पुढच्याच महिन्यात इतिहासप्रेमी मंडळ निघालं, अध्यक्ष तेच. तू हरखली होतीस. लोकांनी आपल्या उंबऱ्यापलीकडचं बघितलं पाहिजे, ही तुझी जुनी हौस. मुंबईतून उठून इथे येऊन पडलेली माणसं, त्यांना आपण राहतो त्या जागेचं काही वाटायला हवं, असं तू मला पिंप भरताना सांगायचीस. मी म्हणायची, त्यांना पाणी आलं की वाटेल.

पहिल्या सहलीला मी आले होते, दुसरीलाही आले, तिसरीला येऊन पस्तावले. बाहेरून मोठी लाँच ठरवलेली. हिरूबायच्या नवऱ्याची होडी म्हणे सेफ नाही. लाँचवर टेपरेकॉर्डर, वेफर्सची पाकिटं, प्लॅस्टिकचे ग्लास, बटाटेवडे तेलकट कागदांत. थोरलीवर उतरल्यावर ही इतिहासप्रेमी माणसं पाच मिनिटं तुझं ऐकायची आणि मग खायला बसायची. पाकिटं वाऱ्यावर, ग्लास पाण्यात, चिकट हात पायाच्या दगडांना पुसलेले. एक गृहस्थ, बँकेत ऑफिसर, टाक्याच्या कडेला उभं राहून आत लघवी करत होते. तू आणि मी तिथून हाकेच्या अंतरावर. मी ओरडले. ते पँट सावरत म्हणाले, "अहो, पाणी थोडंच आहे त्यात?" त्या माणसाच्या बायकोने मला पेढा आणून दिला, मुलाला नोकरी लागली म्हणून. तो मी समुद्रात टाकला आणि तू मलाच रागावलीस.

परतायची वेळ झाली की लाँचवाला भोंगा वाजवायचा. काय राहिलं, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. तू आणि मी आपापल्या पिशव्यांत खरकटे कागद गोळा करत सगळ्यांत शेवटी चढायचो, आणि प्रभाकरराव वरून म्हणायचे, "मॅडम, राहू द्या हो, भरती घेऊन जाते सगळं."

त्यांना तुझं 'असावं' खुपायचं. एकदा आपल्याच जिन्यात तुला अडवून म्हणाले, "मॅडम, ते 'असावं' तेवढं काढून टाका. लोकांना कन्फ्युजन होतं." तू नाही काढलंस. मग त्यांनी माइक स्वतःच्या हातात घेतला आणि कन्फ्युजन संपलं. चौकीचा झाला सागरी दुर्ग, टाक्याचं झालं शिबंदीचं गुप्त कोठार, आणि आपला दोर बांधायचा दगड झाला एका अज्ञात वीराची समाधी. लोक चप्पल काढून नमस्कार करायला लागले.

पुढचं मला लिहवत नाही, पण लिहिते. त्या वर्षी त्यांनी लाँचमधून सिमेंट नेलं. समाधीला भोक कसं असेल, म्हणून ते भोक बुजवलं. तुझं बोट, माझं बोट जिथे जायचं ते वळ थापीने लिंपून सपाट केले. वरून शेंदरी ऑइल पेंट. आणि भोवती चौथरा करून त्याला टाइल्स, गुलाबी गुलाबांच्या. बी विंगमध्ये कोणाच्या तरी बाथरूमचं काम चाललं होतं, त्यातल्या उरलेल्या. फिरंगी, मराठे, इंग्रज येऊन गेले, कोणाला त्या दगडाचं काही वाकडं करावंसं वाटलं नाही. ते आपल्या सोसायटीने एका रविवारी करून दाखवलं. नारळ फोडला, प्रसाद वाटला, आणि तू, कुमुद, तू हात पुढे केलास आणि तो खोबऱ्याचा तुकडा खाल्लास.

त्या खोबऱ्यावरून आपण किती वर्षं भांडलो! घरी आल्याआल्या पिंपापाशीच मी तुला धरलं होतं.

"गप्प का बसलीस?"

"काय बोलू?"

"तुझा दगड बुजवला त्यांनी!"

"माझा कुठला? आणि ओरडून काय होणार होतं? उद्या येणं बंद करतील."

"मग करू देत ना! येतात आणि मुततात!"

"येतात तरी," तू म्हणालीस. आणि मग तो तुझा शांत, चीड आणणारा आवाज, "ते भोक पडायला किती दोर झिजले असतील सांग. सिमेंट आपल्या कॉन्ट्रॅक्टरकडचंच आहे मंदा. दर्या बघून घेईल."

मला तेव्हा तुझा खराखुरा राग आला होता आणि अजून आहे. वाईट माणसांचा येतो त्यापेक्षा, त्यांच्यापुढे सभ्यपणाने खोबरं चघळत उभ्या राहणाऱ्या चांगल्या माणसांचा मला जास्त येतो. हिरूबायकडे जाऊन मी गाऱ्हाणं केलं तर ती कोरडेपणाने म्हणाली, "बरा झाला. बसायला बरा झाला. कालवा फोडाला चकचकीत जागा हाय." म्हणजे तिथेही मला कोणी मिळालं नाही. मी सहलींना जाणं सोडलं. तू जात राहिलीस, आणि परत आलीस की तुझ्या पिशवीतून वेफर्सची पाकिटं माझ्या केराच्या डब्यात रिकामी करायचीस, मुद्दाम, मला दाखवून.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं. त्या वॉर्डाचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही, फिनेल आणि उकडलेला बटाटा. प्रभाकरराव गुच्छ घेऊन आले, बरोबर फोटोग्राफर. तुझ्या नाकात नळी, आणि ते तुझा हात हातात धरून कॅमेऱ्याकडे बघत होते. ते गेल्यावर तू डोळे मिटूनच म्हणालीस, "हा माझं काहीतरी करणार."

"काय करणार?"

"फलक. नाहीतर बाक. नाहीतर माझ्या नावाने चालण्याची स्पर्धा." तुला हसताना दुखलं, तू पोटावर हात दाबून धरलास. "इथे काय करायचं ते करू दे. खडपांवर नको. तिथे माझं काही राहू देऊ नकोस."

"बरं."

"बरं नाही. नीट सांग."

"नाही राहू देणार," मी म्हटलं. तेव्हा कुठे तू पाणी मागितलंस.

शोकसभा क्लबहाउसच्या हॉलमध्ये झाली. तुझा तो ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता, त्यात तू कोणालातरी पकडून द्यायला निघाल्यासारखी दिसतेस. प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. मागच्या टेबलावर समोसे झाकून ठेवलेले, त्यामुळे भाषणं चालू असताना माना सारख्या मागे वळत होत्या. टाक्यात लघवी करणारे ते ऑफिसर बोलले. म्हणाले, कुमुदताईंनी आम्हाला वारसा जपायला शिकवलं. चष्मा काढून डोळेही पुसले. मला त्यांची ती सावरलेली पँट आठवली, मी रुमाल तोंडाला लावला, आणि शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग प्रभाकररावांनी फरशीचं जाहीर केलं. रविवारी, थोरलीवर, समाधीच्या पायथ्याशी. मी उठले.

"तिला ते नको होतं," मी म्हटलं. "तिने मला तसं सांगून ठेवलंय."

"वहिनी, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाहीत या. निरोप आहे तिचा."

"मॅडम मोठ्या मनाच्या होत्या," ते माइकमध्ये म्हणाले, "त्या असंच म्हणणार! हाच त्यांचा मोठेपणा!" आणि टाळ्या पडल्या, कुमुद. तुझ्या नकारावर टाळ्या पडल्या. मी उभीच राहिले. त्यांनी माइक बंद करून, जवळ येऊन हळूच सांगितलं, "ऑर्डर गेलीय वहिनी, अक्षरं पण कोरून झालीत. प्लीज, समोसा घ्या."

रविवारी ते फरशी घेऊन गेले. मी दार लावून बसले. सोमवारी हिरूबाय आली ती टोपली खाली न ठेवताच बोलायला लागली.

"तुमच्या बायचा दगुड बशिवला काल खडपावर. बाहेरची लाँच आनली. आमची होडी दिसत न्हाय त्यांना."

"निघताना कोणी विचारलं?"

"कोन इचारते? मी जवलच कालवा काढीत हुते. गप ऱ्हायले, म्हटला बघू तरी. भोंगा वाजवला नि गेले." मग टोपली उतरवून ती म्हणाली, "मेलेल्या मानसाचा तिथं ठेवू नये बाय. ती पोरगी न्यायला येत ऱ्हाईल." तू अठ्ठावन्न वर्षांची होतीस, पण हिरूबायला तू पोरगीच.

"मला घेऊन जाशील?"

"उद्या सकाली. वारा पडलेला असतो."

मी ऑफिसला दांडी मारली. खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग आता बघवत नाही. वल्ह्याला दर चार हातांवर पिशवी अडकायची, हिरूबायचा नवरा शिवी देऊन सोडवायचा. थर्माकोलचे तुकडे, औषधांच्या बाटल्या, एक बाहुलीचं डोकं. आणि हिरूबायने स्वतः पान खाऊन त्याची पिशवी खुशाल पाण्यात भिरकावली. तिची रीत खडपापुरती आहे, आपल्यातल्या कित्येकांकडे तेवढीही नाही.

थोरलीवर उतरले तर झेंडूच्या माळा कुजायला लागलेल्या, उदबत्त्यांचं रिकामं पाकीट, ग्लास. ते सगळं आधी पिशवीत भरलं. गुलाबी टाइल्स बऱ्याचशा पावसाळ्यांनी उपटून नेल्यात, चार-दोन शिल्लक आहेत. तुझी फरशी चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला चिकटवली होती. हिरूबायने कालवं काढायचं तिचं लोखंडी हत्यार कडेला घातलं आणि दोन ठोके दिले. सिमेंट ओलंच होतं, काळपट, शिंपल्यांचा चुरा मिसळलेलं. वाळू त्यांनी तिथलीच घेतलेली, पाणीही समुद्राचंच. फरशी अख्खीच्या अख्खी माझ्या ओच्यात आली. आपल्याकडच्या बांधकामाचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

फरशी होडीत ठेवून मी परत वर गेले. दगडाचा शेंदरी रंग पोपडे येऊन सुटलाय, आणि कुमुद, भोक उघडं आहे. सिमेंटचा बोळा कधीतरी निसटून गेलाय, एका कडेला थोडा राहिलाय तेवढाच. मी वळात बोट घातलं. आरपार गेलं. दर्या बघून घेईल म्हणाली होतीस, घेतलं त्याने. म्हणजे तो वाद तू जिंकलीस, आणि ते मी तुला दारात उभं राहून सांगायला हवं होतं, म्हणजे तू त्या चीड आणणाऱ्या आवाजात काहीतरी बोलली असतीस. खोबऱ्याबद्दल मात्र मी तुला माफ केलेलं नाही. दगडाकडे दर्याची वाट बघण्याइतका वेळ आहे. तुझ्या फरशीसाठी थांबायला माझ्याकडे नव्हता.

तिथे बसून मी थोडी रडले. गिरगाव सुटल्यावर या चिखलात माझं काय झालं असतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता, कारण समोरचं दार सतत उघडं होतं. तू पिंपाचं विचारायला आलीस, बोटीत बसवलंस, नाकावरचा पदर काढायला लावलास. हे तुला कधी म्हटलं नाही. तू म्हणू दिलं नसतंस. पिंप वाहतंय बघ, म्हणाली असतीस.

भरती लागायला आली तशी हिरूबायने हाक मारली. मी येऊन होडीत बसले. पायाशी तुझी फरशी, नाव वर. हिरूबायने हेल काढून विचारलं, "काय ऱ्हायला?"

"काय न्हाय," तिचा नवरा म्हणाला.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून बघितलं. "त्या टाइल्स राहिल्या," मी म्हटलं. "रंग राहिला."

"तो त्यांचा," हिरूबाय म्हणाली. "त्यांचा ते बघतील. मी तुमच्या बायचा इचारते. बायचा काय ऱ्हायला?"

तुझ्या ओरडण्याची मला इतकी सवय होती की मी थोडी थांबले.

"काय न्हाय," मी म्हटलं.

"जोरात सांग. बाय सांगायची तशी."

"काय न्हाय!" मी ओरडले, आणि त्याने होडी सोडली.